भिवराबाईचं पान

वनमालाबाईंनी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी पुन्हा वही-पेन हातात धरलं, तेव्हा घरात कुणी विरोध केला नाही. विरोध करावा इतकं ते कुणाला महत्त्वाचंच वाटलं नव्हतं. घाटनांदूरच्या एका शिक्षणसंस्थेनं मोठ्या माणसांसाठी दर रविवारी भरणारा वर्षभराचा वर्ग काढला होता, 'आपला इतिहास, आपली कला' असा. वयाची अट नाही, शिक्षणाची अट नाही. लिहिता-वाचता आलं की झालं. शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. वनमालाबाईंचे यजमान विजयसिंह त्या संस्थेच्या कार्यकारिणीवर होते. शेती मोठी, राजकारणात ऊठबस. जेवताना त्यांनी विचारलं, "आता काय प्राध्यापक व्हायचंय का?" आणि उत्तराची वाट न बघता आमटी वाढायला सांगितली.

जुलैत वर्गात अठरा नावं होती, पोळ्यापर्यंत अकरा उरली. शिकवायला युवराज सर अंबाजोगाईहून मोटरसायकलवर यायचे. पस्तिशीचा माणूस, पण आवाज कधी चढायचा नाही. निवृत्त पोस्टमन मोहनराव पहिल्या बाकावर. वनमालाबाई दुसऱ्या बाकावर, एकट्याच. त्यांच्याशेजारी बसायला बाकीच्या बाया बिचकायच्या.

मंगल पहिल्याच दिवशी उशिरा आली. चपला दाराबाहेर काढून आली आणि आत सगळ्यांच्या पायांत चपला बघून ओशाळली. चाळिशीची, उन्हानं रापलेली, हातांवर उसाच्या पानांनी ओढलेले बारीक पांढरे ओरखडे. शेजारच्याच वस्तीवर राहायची. नवरा शहादेव आणि ती, दोघं दरसाल दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे. शाळा सातवीपर्यंत झालेली. ती मागं भिंतीला टेकून उभी राहिली, तेव्हा वनमालाबाई सरकून म्हणाल्या, "इकडं ये. इथं जागा हाय."

"नको बाईसाहेब, मी बसते खालीच."

"खाली बसून लिहिता येत न्हाई. ये. आन् बाईसाहेब नको म्हणूस, ताई म्हण."

तेव्हापासून त्या बाकावर दोघी.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी सरांनी पडद्यावर एका जुन्या मूर्तीचा फोटो दाखवला आणि विचारलं, काय दिसतंय? मोहनराव म्हणाले, देवी. कुणी म्हणालं, अप्सरा. कुणी म्हणालं, नाचणारी. मंगल खाली मान घालून हळूच बोलली, "सर, हिचा एक खांदा खाली हाय. आत्ताच वझं उतरवलंय हिनं."

सर पडद्याकडं वळले आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मी ही मूर्ती दहा वर्षं शिकवतोय. हे मला दिसलं नव्हतं."

वनमालाबाईंना त्या दिवशी मंगलचा अभिमान वाटला. आणि त्याच्या खाली, अगदी तळाशी, आणखी काहीतरी वाटलं. त्याला त्यांनी तेव्हा नाव दिलं नाही. मधल्या सुट्टीत दोघी डबा वाटून खायच्या. मंगलची भाकरी आणि ठेचा, वनमालाबाईंची पोळीभाजी. मंगल बोलायला लागली की साध्या गोष्टींना अंग फुटायचं. वनमालाबाई घरी येऊन तसंच बोलून बघायच्या, पण ऐकायला कुणी नसायचं. मुलगा पुण्याला, सून पुण्याला. विजयसिंह घरी असले तरी फोनवर.

ऑक्टोबरात सरांनी स्वाध्याय दिला. आपल्या भागातली एखादी जुनी वास्तू घ्यायची आणि तिच्याशी आपलं काय नातं आहे ते लिहायचं. "पुस्तकातलं उतरवू नका, मला लगेच कळतं," ते हसून म्हणाले. चार पानं, फुलस्केपवर, पेनानं. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी जमा करायचं. जो देणार नाही त्याला एप्रिलच्या परीक्षेला बसता येणार नाही, हा संस्थेचा नियम.

दिवाळी झाली आणि ऊसतोडीची टोळी निघायचा दिवस ठरला. त्याच्या आदल्या रविवारी सर निवडणुकीच्या प्रशिक्षणाला गेले होते, वर्ग भरला नाही. मंगल दुपारी वनमालाबाईंच्या मागल्या दाराशी आली. हातात शंभरपानी वही, पदरात गुंडाळलेली.

"ताई, उद्या गाडी हाय. स्वाध्याय लिवलाय, पण पेन्शिलीनं. खाडाखोड लई झालीय. तुमचं अक्षर मोत्यावानी हाय. फुलस्केपवर उतरवून सरांना द्याल का?"

"एवढंच ना? देते की."

"परीक्षेला मी येणारच. मुकादमाला आधीच सांगून ठेवलंय, गुढीपाडव्याच्या आत सोडायचं म्हणून." तिनं वही दोन्ही हातांनी दिली. "वाचा हं आधी. चुकलं असंल तर नीट करा."

वनमालाबाईंनी ती गेल्यावर ओट्याशी उभ्या उभ्याच वाचलं. धर्मापुरीच्या देवळावर लिहिलं होतं. धर्मापुरी मंगलचं माहेर. देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर एक बाई पायातला काटा काढत उभी आहे, तिच्याविषयी. मंगलनं लिहिलं होतं:

'माझी आई भिवराबाई रानातून मोळी घेऊन यायची तेव्हा या भिंतीपाशी थांबायची. मोळी टेकवायची आणि या दगडी बाईच्या पायाशी आपला पाय वर करून काटा काढायची. मी लहान होते. मी म्हणायची, आई, ही कोण? आई म्हणायची, आपल्यातलीच हाय. इतक्या वर्षांपासून काटा काढतीय, पण तिला कुणी बस म्हणत न्हाई. आई मेली तेव्हा आम्ही कारखान्यावर होतो, मला तोंड बघायला मिळालं नाही. मी माहेरी गेले की घरी जायच्या आधी भिंतीपाशी जाते. लोक म्हणतात मंगल देवाला गेली. मी आईला भेटायला जाते.'

वनमालाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. त्याच संध्याकाळी त्यांनी फुलस्केप आणले आणि सुवाच्य अक्षरात सगळं उतरवून काढलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. फक्त शुद्धलेखन सुधारलं. वर डाव्या कोपऱ्यात नावाची जागा मोकळी ठेवली. तिथं लाल पेनानं लिहायचं होतं आणि लाल पेन सापडत नव्हता. एवढंच खरं कारण होतं तेव्हा.

त्यांचा स्वतःचा स्वाध्याय मात्र होत नव्हता. त्यांचं माहेर चौसाळ्याचं. तिथल्या एका जुन्या बारवेवर लिहायचं ठरवलं होतं, पण दोन वाक्यांपलीकडं गाडी जाईना. 'ही बारव अत्यंत सुंदर व प्रेक्षणीय आहे.' पुढं काय? लहानपणी त्या बारवेजवळ जायची त्यांना मनाई होती. त्यांना आठवावं असं काही तिथं घडलंच नव्हतं. त्यातच निवडणुकीचा प्रचार सुरू झाला. घरात सकाळपासून कार्यकर्ते, चहाची पातेली, पोह्यांची परात. तीन आठवडे त्यांना टेबलापाशी बसायला मिळालं नाही.

डिसेंबरचा पहिला शनिवार उजाडला. दुपारी घर जरा रिकामं झालं तेव्हा त्या बसल्या. बारवेचं पान समोर होतं. शेजारी मंगलची चार पानं, त्यांच्याच अक्षरात. त्यांनी दोन्ही पुन्हा वाचली. अक्षर एकच. कुणी बघितलं तर दोन्ही वनमालाबाईंचीच वाटतील.

मंगल लांब आहे, असं मनात आलं. ती परत येईल की नाही कुणास ठाऊक. टोळीवर गेलेल्या बाईचं काय खरं. तिला परीक्षा देऊन करायचं तरी काय आहे. हे सगळं त्यांनी मनात म्हणून घेतलं आणि लाल पेन, जो तेवढ्यात सापडला होता, उघडला. कोपऱ्यात लिहिलं: सौ. वनमाला विजयसिंह.

मग लक्षात आलं की त्यातलं दुसरं पान चालणार नाही. वनमालाबाईंची आई मोळी वाहत नव्हती, हे अख्ख्या तालुक्याला माहीत होतं. त्यांनी ते एकच पान नव्यानं लिहायला घेतलं. 'माझी आई भिवराबाई' तिथं थोडा वेळ पेन थांबला. मग त्यांनी लिहिलं: 'आमच्याकडे कामाला येणारी भिवरा मूळची धर्मापुरीची.' पुढं मुलीनं आईला विचारलेलं, ते मालकाच्या मुलीनं मोलकरणीला विचारलेलं झालं. आईचं मरण कामवालीचं मरण झालं. भिंतीपाशी जाणारी मुलगी आता जुन्या कामवालीच्या आठवणीनं हळवी होणारी घरधनीण झाली. जुनं पान त्यांनी फाडलं आणि चुलीत घातलं. वही मात्र कपाटात साड्यांच्या खाली ठेवली. ती जाळायचा धीर झाला नाही.

रविवारी सरांनी पानं गोळा करताना विचारलं, "मंगलताईंचा आला का कुणाकडं?"

मोहनराव म्हणाले, "त्या तोडीला गेल्या वाटतं."

वनमालाबाईंनी आपली चार पानं सरांच्या हातात दिली.

पुढच्या रविवारी सरांनी तो स्वाध्याय वर्गात मोठ्यानं वाचला. वाचताना त्यांचा आवाज दोनदा अडकला. जानेवारीत संस्थेच्या वार्षिक अंकात तो छापून आला, वर वनमालाबाईंचा फोटो, भरजरी साडीतला. विजयसिंहांनी अंक ओसरीवर दहा-बारा माणसांपुढं उघडला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. "लेखिका घरात हाय आन् आमालाच पत्ता न्हाई!" ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी जेवताना शेजारची खुर्ची ओढली आणि म्हणाले, "तू पण बस. कामवालीवर एवढं मन लावून लिवलंस, लई मोठं काळीज हाय तुझं."

तीस वर्षांत कुणी त्यांना बस म्हटलं नव्हतं. वनमालाबाई बसल्या. 

फेब्रुवारीत मंगलचा फोन दोनदा आला. स्क्रीनवर नाव दिसलं आणि त्यांनी वाजू दिला.

मार्चच्या शेवटच्या रविवारी मंगल वर्गात आली. अंगानं निम्मी झालेली, पण नवी साडी, केसांना तेल, हातात नवा पेन. मोहनरावांना नमस्कार केला, वनमालाबाईंच्या शेजारी बसली आणि त्यांच्या हातावर हात ठेवला. सर आत आले आणि तिला बघून थबकले.

"मंगलताई, तुमचं नाव परीक्षेच्या यादीत नाही हो. स्वाध्यायच आला नाही तुमचा."

"आसं कसं, सर? मी ताईंकडं वही दिलती. जायच्या आदल्या दिवशी."

 सगळे वनमालाबाईंकडं बघत होते. सरांनी विचारलं, "कशावर लिहिला होता?"

"धर्मापुरीच्या देवळावर, सर. आमचं माहेर हाय ते."

सरांची नजर सावकाश वनमालाबाईंकडं वळली आणि तिथंच राहिली.  वनमालाबाईंनी खरं सांगायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"माझ्याकडून हरवला. निवडणुकीच्या गडबडीत..."

मंगलचा चेहरा उतरला. क्षणभरच. मग तिनं वनमालाबाईंचा हात दाबला. "जाऊ द्या ताई. व्हतं आसं. घरात एवढी माणसं... तुमी जीवाला लावून घेऊ नका." आणि सरांना म्हणाली, "मी पुन्हा लिवून दिला तर?"

"मुदत गेली," सर म्हणाले. "यादी वर गेलीय. माझ्या हातात नाही आता."

मंगल वर्ग संपेपर्यंत बसून राहिली. लिहून घेतलं, सगळं. परीक्षेत काय येईल तेसुद्धा. सुटल्यावर ती पुढं निघाली. वनमालाबाई उठताना सर त्यांच्याजवळ आले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "वनमालाताई, ती वही सापडते का बघा."

त्याच दुपारी वनमालाबाई वही आणि वार्षिक अंक पिशवीत घालून मंगलच्या वस्तीवर चालत गेल्या. गाडी घेतली नाही. पत्र्याच्या खोलीपुढं शहादेव बिऱ्हाडाची भांडी पोत्यातून काढत होता. त्यानं बाज झटकून दिली आणि घागर घेऊन हापशावर गेला. मंगल पाण्याचा तांब्या घेऊन आली.

वनमालाबाईंनी तांब्या घेतला नाही. उभ्या उभ्याच सांगितलं. उतरवून काढलं तिथपासून, लाल पेनापर्यंत. "माझं नाव घातलं मी. हरवला न्हाई तो. मी चोरला."

 कोंबडी पायात आली, तिला मंगलनं हातानं बाजूला केलं. मग तिनं विचारलं, "सरांना आवडला का पण?"

वनमालाबाईंना वाटलं, तिला नीट ऐकू गेलं नसावं.

"काय म्हणले सर? सांगा ना. पुरं सांगा."

"वर्गात वाचला त्यांनी. आवाज अडकला त्यांचा. म्हणाले, दगडाकडं आसं बघणारं माणूस मी पाहिलं न्हाई."

"आसं म्हणले?" मंगलच्या डोळ्यांत काहीतरी उजळलं. ती खाली बसली. "आन् छापून आलाय? बघू."

वनमालाबाईंनी अंक पुढं करायला नको होता. पण हात पुढं गेला होता. मंगल बोट ठेवून वाचायला लागली. पहिलं पान वाचताना ती हलकेच मान डोलवत होती, आपलेच शब्द छापलेले बघून. मग बोट थांबलं. पुन्हा ओळीच्या सुरुवातीला गेलं. पुन्हा थांबलं.

"हे काय हाय? आमच्याकडं कामाला येणारी..."

तिनं मान वर केली.

"माझी आई तुमच्याकडं कामाला कधी व्हती?"

"मंगल..."

"नाव घेतलं तर घेतलं. लिवणं घेतलं तरी घेतलं, मी आजून लिवलं आसतं." तिचा आवाज चढला नव्हता. "आई कशापायी घेतली?"

वनमालाबाई रडायला लागल्या.  मंगल रडली नाही. तिनं अंक मिटला, वही पिशवीतून स्वतःच काढून घेतली आणि म्हणाली, "जा तुमी आता, बाईसाहेब. ऊन लई हाय."

दुसऱ्याच दिवशी वनमालाबाईंनी सरांना लेखी दिलं. संस्थेच्या कार्यालयातही दिलं. आपला स्वाध्याय रद्द करावा, परीक्षेला बसू दिलं नाही तरी मान्य आहे, लेखावर मंगल शहादेव हे नाव आणि मूळ मजकूर छापावा. सरांनी दोनदा बैठकीत विषय काढला. पण विजयसिंह कार्यकारिणीवर. अंक वाटून झालेला. उगाच गवगवा कशाला, असं ठरलं. घरी विजयसिंह आठ दिवस बोलले नाहीत. मग एकदाच म्हणाले, "माणसांपुढं वाचून दाखवला मी. माझ्या तोंडाला काळं फासलंस." शेजारची खुर्ची पुन्हा भिंतीला गेली.

मग वनमालाबाईंनी स्वतःच काम हाती घेतलं. मूळ वही मंगलकडं होती आणि मागायचं तोंड नव्हतं. पण ते पान त्यांनी स्वतः उतरवलं होतं, फाडलं होतं, जाळलं होतं. त्यातला एकेक शब्द त्यांना पाठ होता. कागदाच्या पट्ट्यांवर त्यांनी ते लिहून काढलं, 'माझी आई भिवराबाई' इथपासून, खाली मंगलचं नाव, आणि त्याखाली 'हा लेख मी चोरला होता' असं लिहून आपली सही. आणि घरोघर जाऊन, वाचनालयात जाऊन, जिथं जिथं अंक सापडला तिथं तिथं त्या पानावर पट्टी चिकटवली. मोहनरावांनी आपला अंक पुढं केला आणि त्यांच्याकडं न बघता दार लावून घेतलं. बायांनी चहा दिला आणि त्या गेल्यावर हसल्या, हे त्यांना अंगणातूनच ऐकू आलं. मे संपेपर्यंत एकतीस अंक झाले. एक अंक त्यांनी युवराज सरांच्या हाती मंगलकडं पाठवला.

सर जूनमध्ये स्वतः वस्तीवर जाऊन आले. नवा वर्ग जुलैत सुरू होतोय, तुमचं नाव मी आधीच लिहिलंय, म्हणून सांगायला. परत येताना ते वनमालाबाईंच्या दारात मोटरसायकल बंद न करताच थांबले.

"नाही म्हणाल्या," ते म्हणाले.

"माझ्यामुळं. मी येणार न्हाई वर्गाला, सांगा तिला. मी गावात सुद्धा दिसणार न्हाई रविवारी."

"ते सांगितलं मी." सर हँडलकडं बघत राहिले. "रागानं नाही म्हणाल्या. म्हणाल्या, सर, लिवायला बसलं की आता आई दिसत न्हाई. ती दुसरीच दिसती, हातात झाडू घेतलेली. मी डोळे मिटून लई वेळा बघितलं."

वनमालाबाई चौकटीला धरून उभ्या राहिल्या. सर गेले, धुरळा खाली बसला, तरी त्या तिथंच होत्या.

त्या वर्षी वर्गाला सात नावं आली. श्रावणात तीन उरली आणि संस्थेनं वर्ग बंद केला.

गणपतीच्या आधी आठवडी बाजारात वनमालाबाईंना मंगल दिसली. ती लसणाचा वाटा निवडत होती, आणि सोबत आलेली कुणी म्हातारी तिला एका पावतीवर काय लिहिलंय ते विचारत होती. मंगलनं पावती हातात घेतली, वाचून सांगितली आणि परत दिली. मान वर केली तेव्हा समोर वनमालाबाई.

"बरी हाईस का?" वनमालाबाईंनी विचारलं.

"बरी हाय. तुमी?"

"हाय."

मंगलनं लसूण पिशवीत घातला.  म्हातारी पुढं निघाली होती, तिच्या मागं तीही निघाली. वनमालाबाईंनी ती वळणाआड जाईपर्यंत वाट पाहिली. मग भाजीवालीनं दोनदा विचारल्यावर त्यांना कळलं की आपण वाट अडवून उभ्या आहोत, आणि त्या बाजूला झाल्या.